मैनाबाई आणि आचलच्या पेशी

चंद्रपूरच्या एका कॉलेजात पेशी वाढवायची छोटी खोली सुरू झाली, तेव्हापासून मैनाबाई तिथं लॅब असिस्टंट होती. तलावात मासे धरणाऱ्या घरातली, बीएस्सी झालेली. नऊ वर्षं काही अडलं की खोली चालवणारे सर आधी तिलाच विचारत. २००५ साली ऊर्जानगरची आचल पीएचडीला आली आणि सर तिला विचारू लागले.

उंदराच्या हाडातल्या मूळ पेशींपासून आचलला चेतापेशी घडवायच्या होत्या. घडताना पेशी स्वतःभोवती प्रथिनांचं जाळं विणतात. त्यातलं कोणतं प्रथिन कधी वाढतं, कधी घटतं, ते पाहायचं होतं. पहिल्याच खेपेला पेशींना लांब तंतू फुटले. सरांनी सगळ्या विभागाला बोलावून दाखवलं. मैनाबाईही छान म्हणाली, पण दिवसभर आतून जळत राहिली. पेशींनी धरून राहावं म्हणून बशीच्या तळाला लॅमिनिन या प्रथिनाचा थर तिनंच दिला होता. ते कुणाच्या तोंडी आलं नाही.

पुढच्या खेपेला आचल म्हणाली, थर मीच देते. तो धरायला दोन तास तरी लागतात. ऊर्जानगरला जाणारी वीज कंपनीची बस गाठायच्या घाईत तिनं अर्ध्या तासातच लॅमिनिन उपसलं आणि पेशी सोडल्या. मैनाबाई शेजारीच उभी होती. ओठावर आलेलं तिनं गिळलं.

चौथ्या दिवशी पेशी तळ सोडून गोळ्यागोळ्यांनी तरंगत होत्या. सर आचलला सगळ्यांदेखत बोलले. मैनाबाईला बरं वाटलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत. मग आचल डबा न उघडताच बसलेली दिसली.

"थर धरलाच नव्हता," मैनाबाई म्हणाली. "तुमी लवकर उपसलं. मी पाहून राह्यली होती."

"मग सांगितलं काऊन नाई?"

"तुमचा हेवा वाटते मले. सर आता तुमालेच विचारतेत."

आचल आठवडाभर बोलली नाही. पण नव्या बशा तिनं मुकाट्यानं मैनाबाईच्या टेबलावर आणून ठेवल्या. या वेळी पेशी टिकल्या. तंतू लांबत गेले तसं जाळ्यातलं फायब्रोनेक्टिन हे प्रथिन घटलं, लॅमिनिन वाढलं.

आचलच्या प्रबंधात मैनाबाईचे आभार होते, एका ओळीत. ती वाचून पुन्हा तसंच जळलं. तशीच ती सरांकडे गेली आणि या संशोधनाच्या पेपरवर माझंही नाव पाहिजे म्हणाली. सर चष्मा काढत बघतो म्हणाले.

पेपर छापून आला तेव्हा तिचं नाव होतं, तिसरं. पहिलं आचलचं. मैनाबाईनं दोन्ही नावं वाचली.