आरशासमोरची उजळणी

कपाटाच्या आरशासमोर उभी राहून माझी मुलगी अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत घोकत होती. "शिकून मी परत येईन. माझे आईबाबा इथे आहेत." क्लासच्या सरांनी बजावलंय म्हणे, उत्तर पाठ करायचं, पण पाठ केल्यासारखं वाटू द्यायचं नाही. मेथी निवडता निवडता माझं डोकं फिरलं. विद्यापीठाने हुशारी बघून जागा दिली, आणि आता वकिलातीतल्या खिडकीपलीकडच्या परक्या माणसाला हिने आईबापांवरची माया पटवून द्यायची? तीही उभ्याउभ्या? माया काय पुरावा म्हणून दाखवायची वस्तू आहे?

"आई, खरं वाटतंय ना गं?" तिने आरशातूनच विचारलं.

मी मान डोलावली. परत येईन, असं मला मात्र ती एकदाही म्हणाली नव्हती.