उजव्या हाताचा ब्रेक

आमच्या मुलुंडच्या घरात बाल्कनीच्या छताला दोन कड्या आहेत. सासूबाईंचा झोपाळा त्यांनाच टांगलेला असतो. रविवारी सकाळी मी तो उतरवते आणि त्याच कड्यांना दोरीने माझी माउंटन बाइक टांगते. चाकं अधांतरी असली की सायकलीचं दुखणं पटकन कळतं. पेडल हाताने फिरवायचं आणि ऐकत राहायचं. चेन कुठे कुरकुरते, गिअर कुठे अडखळतो, चाक डावीकडे किती झुकतं. काढलेले स्क्रू मसाल्याच्या जुन्या डब्यातल्या वाट्यांत क्रमाने ठेवायचे, म्हणजे लावताना डोकं खाजवावं लागत नाही. नवरा म्हणतो, "तू सायकल चालवतेस कमी आणि उघडतेस जास्त." ते खरंच आहे. बंद पडलेली वस्तू समोर असली की मला तिच्या आत काय झालंय ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही. सासूबाई याला नसत्या उचापती म्हणतात, पण झोपाळा उतरवायला मदत त्याच करतात.

गेल्या वर्षी माझ्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. ऑफिसात दिवसभर माउस धरून बसायचं, त्याचं हे फळ. डॉक्टरांनी सांगितलं, मनगटातली नस दबली आहे. पट्टा बांधा, व्यायाम करा. "पण पकड सुटायला लागली तर थांबू नका, लगेच या. छोटंसं ऑपरेशन करून टाकू." ऑपरेशन दुसऱ्याच्या हाताचं असलं की ते छोटंसंच असतं. मी मान डोलावली आणि पट्टा बांधून घरी आले.

यंदा दसऱ्यानंतरच्या रविवारी मी पहाटे नाहूरच्या पुलावर गेले. चढले, आणि उतरताना नेहमीप्रमाणे उजवा ब्रेक दाबला. माझ्या सायकलीला उजव्या हाताला पुढच्या चाकाचा ब्रेक आहे. चाकातून एक लांबलचक रडका आवाज आला आणि सायकल थांबेचना. मी दाबत राहिले, ती जात राहिली. डाव्या ब्रेकने कशीबशी सावरली तेव्हा मी एका रिक्षाला जवळजवळ टेकले होते. रिक्षावाल्याने मान बाहेर काढली. "मॅडम, ब्रेक मारो ना," तो म्हणाला. मी मारतच होते, हे त्याला कसं सांगणार?

सायकल मी आदल्याच आठवड्यात तपासली होती, आणि डावा ब्रेक तर उत्तम लागत होता. फक्त उजवा लागत नव्हता, आणि उजवाच हात दुखरा होता. डॉक्टरांनी सांगितलेलं ते हेच, अशी माझी खात्रीच झाली.

घरी येऊन मी ब्रेकची वायर ताणून बघितली. फरक नाही. बाथरूममधला वजनकाटा टेबलावर ठेवून एकेका हाताने दाबून बघितला. उजव्याचा आकडा डाव्यापेक्षा कमी आला. पण तो आधीही कमी असेल तर? दुखणं सुरू होण्यापूर्वीचा आकडा माझ्याकडे नव्हता, मग तुलना कशाशी करणार? चेंडू दाबला, ओला टॉवेल पिळला, बरणीची झाकणं उगीचच उघडून बंद केली. एका दिवशी हात ठीक वाटायचा, दुसऱ्या दिवशी गेल्यासारखा. घरात कुणाला काही बोलले नाही. बोललं की डॉक्टर, डॉक्टर म्हटलं की ऑपरेशन, आणि त्यानंतर हा हात पान्हा धरेल की नाही ते कुणी छातीवर हात ठेवून सांगणार नव्हतं. मला भीती वाटत होती. सायकल विकून टाकावी असंसुद्धा मनात येऊन गेलं. तिच्यावर जुनी चादर टाकली आणि नवऱ्याला सांगितलं, पंक्चर आहे.

पण डोकं स्वस्थ बसत नव्हतं. एका शनिवारी मटार सोलता सोलता वाटलं, अगं, दोन गोष्टींवर एकदम संशय असेल तर एक तशीच ठेवून दुसरी बदलायची असते. मिक्सर चालत नसला तर मी आधी प्लग दुसऱ्या भोकात लावून बघते. इथे ब्रेक तोच ठेवायचा आणि हात बदलायचा.

मटार तसेच टाकून सायकल खाली नेली. आमच्या सोसायटीत वरच्या पार्किंगमधून खाली उतरायला छोटा रॅम्प आहे. तिथे मी सायकलीपुढे, तिच्याकडे तोंड करून उभी राहिले. असं उभं राहिलं की डावा हात आपोआप उजव्या ब्रेकवर पडतो. धडधाकट डाव्या हाताने ब्रेक गच्च आवळला आणि उलटी चालत सायकल उतारावरून माझ्याकडे ओढली. चाक तसंच रडत रडत फिरत आलं. परत वर नेली, परत आवळला, दात खाऊन आवळला. तरी फिरलंच. वॉचमन खुर्चीतून उठून बघायला लागला. ही बाई सायकलीशी फुगडी का घालतेय, असं त्याला वाटलं असणार.

बिघाड सापडल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. लिफ्टमध्ये मी एकटीच हसत होते. आमचा मजला येईस्तोवर मात्र लक्षात आलं, की ब्रेक खराब आहे एवढंच कळलंय. हात चांगला आहे, हे यातून कुठे सिद्ध होतंय?

झोपाळा उतरवून सायकल टांगली आणि पुढचं चाक काढलं. चाकाच्या मध्याजवळ भोकाभोकांची पोलादी ताटली असते. ब्रेक दाबला की तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटीत धरतात आणि चाक थांबतं. ही चिमटी घासली तरच पकडते, म्हणून ती ताटली कायम कोरडी लागते. मी तिच्यावरून पांढरा रुमाल फिरवला. रुमालावर तेलकट पिवळा डाग आला. आणि ताटलीच्या भोकांत, कडेकडेने, लाल कुंकू होतं.

सासूबाई शेजारीच स्टुलावर मेथी निवडत होत्या. मी रुमाल त्यांच्यापुढे धरला.

"आई, दसऱ्याला याला तेल लावलंत?"

"मीच लायलंय गे," त्या म्हणाल्या. "ताटली कोरडी दिसली. कोरड्या यंत्राक कुंकू लावूचा नसता."

सासरे गिरणीत होते. दसऱ्याला मागावर हळदकुंकू वाहण्याआधी त्यात तेल घालायचं, अशी त्यांची शिस्त. गिरणी गेली, सासरे गेले, पण शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेऊन सासूबाई अजून दर दसऱ्याला घरभर फिरतात. शिलाई मशीन, कात्री, स्कूटरचं स्टँड. यंदा मी स्वयंपाकघरात अडकले होते आणि मला दिसला तो फक्त हँडलवरचा झेंडू.

मी त्यांना ब्रेक कसा चालतो ते समजावलं. त्यांनी मेथी बाजूला सारली, चष्मा चढवला आणि ताटलीला बोट लावून वास घेतला. नुसतं घासून ती झिजत नाही का, पावसात भिजली तर काय होतं, असं बरंच विचारलं. मग म्हणाल्या, "कोरड्याच ठेवूचा? असला यंत्र मी बघूक नाय." आणि तेलकट बोट पदराला पुसलं. "म्हणजे माझ्या तेलान तू पडलं असतंस?"

"पडले नाही ना पण," मी म्हटलं. "मला तर वाटत होतं, माझा हातच गेला."

हे तोंडातून निसटलंच.

"भाकरी थापताना हात झाडतंस," त्या म्हणाल्या. "माका दिसता नाय?"

मग मला सगळंच सांगावं लागलं. त्यांनी उपदेश केला नाही. हात धरून मनगटापासून बोटांपर्यंत दाबत गेल्या, कुठे कळतं नि कुठे नाही ते विचारत.

तेल प्यायलेले पॅड पुन्हा कामाला येत नाहीत, म्हणून मी नवे आणले. केमिस्टकडून स्पिरिट आणलं. ताटली पुसण्याचं काम सासूबाईंनी माझ्याकडून काढूनच घेतलं. एकेक भोक जुन्या टूथब्रशने घासलं. रुमालावर डाग उमटेना तेव्हाच मला हात लावू दिला. नवे पॅड बसवून मी पार्किंगच्या सपाट भागात फेऱ्या मारल्या, हलके हलके ब्रेक लावत, म्हणजे पॅड ताटलीवर बसतात.

रॅम्पवर जायची वेळ आली तेव्हा सासूबाई खाली, अगदी मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

"आई, बाजूला व्हा."

"तेल मी लायलंय. मगे मीच हंय उभी ऱ्हवतंय."

"अहो, ब्रेक लागला नाही तर?"

"लागतलो," त्या म्हणाल्या. पदर खोचला आणि हलल्याच नाहीत. वॉचमनने सांगून बघितलं, त्यालाही हाताने गप्प केलं.

मला त्यांचा राग आला होता. डावा हात मी तयार ठेवला आणि सायकल सोडली. उतार छोटा, पण खाली त्या उभ्या असल्यामुळे मला तो घाटासारखा वाटला. अर्ध्यावर आल्यावर उजव्या हाताने ब्रेक दाबला. रडका आवाज आला नाही. चाक धरलं गेलं, सायकल जागच्या जागी थांबली, आणि माझी छाती हँडलवर आपटली. सासूबाई चार पावलांवर होत्या. डावा ब्रेक मी दाबलाच नव्हता.

उजवा हात मात्र ब्रेक सोडेना. मी सोडायचं ठरवत होते आणि बोटं तशीच आवळलेली होती. सासूबाई पुढे आल्या आणि माझं एकेक बोट उचलून सोडवायला लागल्या. करंगळी कळली. तिच्या शेजारचं कळलं. तर्जनीही कळली. मधलं बोट त्यांनी उचललं ते मला फक्त दिसलं.

"ह्या?" त्यांनी विचारलं.

"हे नाही कळत," मी म्हटलं, आणि सायकलीवर बसल्या बसल्याच डॉक्टरांना फोन लावला.