देवाची बदली

कुठलंही झाड दिसलं की ते आधी खोडावर बोटांनी टकटक करायचे आणि मग जरा थांबायचे. आतून कोणी दार उघडणार आहे, अशा बेताने. उज्जैनच्या फ्रीगंजात भर बाजारात लिंबाखाली चहा पिताना मी त्यांना प्रथम पाहिलं तेव्हा, गृहस्थ थोडा सटकलेला आहे, असा माझा समज झाला. तुमचाही झाला असता.

ते मध्यभारत सरकारच्या जंगल खात्यात होते. नवं सरकार, नवी योजना. आपल्या पडीक जमिनीवर झाडं लावा, रोपं फुकट, पहिले दोन उन्हाळे पाणी घालायला माणूस सरकारचा. दाटी झाली की खात्याने खूण केलेलीच झाडं तोडायची आणि प्रत्येकाच्या जागी एक नवं लावायचं. लाकूडही मिळेल, रानही उभं राहील.

पण घेणार कोण? जहागिऱ्या नुकत्याच जाऊ लागल्या होत्या. सरकारी रोप लावलं की जमीनही सरकारची, असं जो तो म्हणे. भैरवगढजवळ शिप्रेकाठी माझी चार बिघे मुरमाड जमीन होती. पणजोबांना दरबारातून मिळालेली, आणि तेव्हापासून गवताखेरीज काही न दिलेली. मी सरळ विचारलं, "झाड माझं की सरकारचं?"

"लावताना तुमचं, वाढताना तुमचं. तोडताना फक्त मला विचारा, भाऊसाहेब. बस."

"आणि तुमची बदली झाली तर?"

"तर झाडाला विचारा!" आणि स्वतःच मोठ्याने हसले.

मी तीनशे शिसवं लावली. ते सायकलवरून यायचे आणि एकेका रोपाची विचारपूस करायचे. माझी बायको म्हणे, "घरी मुलांची एवढी चौकशी करता का हो?"

"वहिनी, मुलं बोलतात. यांना विचारावं लागतं."

दोनशे चौदा जगली. माझ्या मते हा आकडा उत्तम होता.

सातव्या वर्षी विरळणी आली. खुणेचा गेरू पावसात धुऊन जातो, म्हणून त्यांनी तेलात शेंदूर कालवला आणि वाकडी, किडकी झाडं स्वतः रंगवली. उज्जैनला जन्म काढलेल्या माणसाने असं करावं? आणि मी शेजारी डबा धरून उभा! दुसऱ्या सकाळी प्रत्येक खुणेपाशी नारळ फुटलेला. तोडणाऱ्यांनी कुऱ्हाडी खाली ठेवून भैरवाला जोडावेत तसे हात जोडले. "साब, ये तो भेरूजी हो गए."

इथे मात्र गंमत संपली. राज्यांची पुनर्रचना होऊन मध्यभारत मिटत होता आणि त्यांची भोपाळला बदली झाली होती. योजना पुढे चालवायची की बंद करायची, हे नवे साहेब येऊन माझीच झाडं पाहून ठरवणार होते. आसपास दाखवण्याजोगी दुसरी नव्हतीच. आणि झाडं तर दाटीत गुदमरत होती.

"शेंदूर खरवडून टाकू," मी म्हटलं.

"छे! मग इथे पुन्हा कोणी झाड लावणार नाही."

रानाजवळच्या वस्तीतल्या सर्वांत वडील बाईंना सगळे मांसाब म्हणत. पहिला नारळ त्यांचाच. जंगल खात्याचे हे गृहस्थ त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले.

"मांसाब, सरकार बदल रही है, मेरी भी बदली हो गई. भेरूजी की नहीं हो सकती?"

मांसाबांनी त्यांना नीट न्याहाळलं. "कहाँ?"

"सब एक ही जगह. सबसे सीधे पेड़ में."

"तो पहले बोलते! इतने नारियल बच जाते."

ढोल वाजवत सगळे भेरूजी बांधावरच्या सर्वांत सरळ शिसवात गेले. वाकडी झाडं पडली, उरलेल्यांना ऊन मिळालं. नव्या साहेबांनी फिरून पाहिलं आणि योजना चालू ठेवली. ते पाहायला हे गृहस्थ नव्हते. दोनच दिवस आधी देवास गेटला मी त्यांना भोपाळच्या बसमध्ये बसवून दिलं होतं. चढताना सवयीने त्यांनी बसच्या पत्र्यावरही टकटक केली.

मागच्या वर्षी ते भोपाळला वारल्याचं खात्यातल्या एकाने सांगितलं. आम्ही फ्रीगंजात त्याच लिंबाखाली उभे होतो.

परवा एक लाकूडवाला रान पाहायला आला. फिरून फिरून बांधावर थांबला. "बाबूजी, सबसे सीधा तो यही है. दाम बोलो."

"पूछना पड़ेगा."

"किससे?"

मी पुढे झालो, खोडावर टकटक केली आणि जरा थांबलो. बोटांना शेंदूर लागला.