समासातली ओळ

काल मूल्यमापनाचं काम करणाऱ्यांच्या आमच्या देशभरच्या संघटनेचं प्रशिक्षण होतं. प्रत्येकाने आपण भरलेला एक जुना फॉर्म आणायचा, शेजारच्याशी बदलायचा आणि राहिलेल्या जागांना लाल गोल करायचा, असा सराव होता. माझ्या शेजारी सुनंदाताई बसल्या होत्या. आम्ही दोघी बाळंतिणींच्या आहार योजनेची पाहणी करतो, फक्त जिल्हे वेगळे.

त्यांच्या फॉर्मवर सातव्या प्रश्नानंतर सगळं कोरं होतं. मी भराभर गोल करत गेले. अगदी शेवटी समासात पेन्सिलीने लिहिलेली ओळ दिसली. 'बाळ परवा गेलं. पुढचं विचारलं नाही.'

"मग काय केलंत?" मी हळूच विचारलं.

"काही नाही. त्या बाळंतिणीजवळ बसले. दिवेलागणीला उठले."

नेमकं कसं विचारावं, हे आम्ही इथे एकमेकींकडून शिकतो आणि खरंच चांगलं शिकतो. विचारणं कुठे थांबवावं, याचं सत्र मात्र मला अजून भेटलेलं नाही.

सुनंदाताईंनी माझा फॉर्म परत दिला. त्यावर एकही गोल नव्हता.

"तुमचा अगदी पूर्ण आहे हो," त्या कौतुकाने म्हणाल्या.

पूर्णच होता. मी तो ज्या घरी भरला, तिथलंही बाळ आदल्याच आठवड्यात गेलं होतं. बाळाला वजन करायला नेता का, हेसुद्धा मी विचारलं होतं. त्याची आई कोपऱ्यातल्या रिकाम्या झोळीकडे बघत राहिली, आणि मी 'नाही'वर खूण केली होती.