एकच फाइल, तिसऱ्यांदा दुरुस्त

मंडळी, माझं काम कॉम्प्युटर दुरुस्तीचं. सकाळीच धंतोलीतल्या एका दवाखान्यातून फोन आला, "भाऊ, मेल पुन्हा उघडून नाही राहिला!" या महिन्यात तिसऱ्यांदा.

सगळे मेल जिच्यात साठतात ती फाइलच बिघडली होती. भिवापूरचे एक काका बाकावर बसून होते. त्यांचा जुना रिपोर्ट तिच्यातच अडकलेला, आणि तो पाहिल्याशिवाय डॉक्टर ऑपरेशनचं ठरवणार नव्हते.

आधी फाइलची कॉपी काढली, मग दुरुस्तीचा प्रोग्राम चालवला. दोन तास गेले. काका सारखे विचारत होते, "झालं का गा?" शेवटी रिपोर्ट सापडला आणि काका आत गेले.

मी वैतागून म्हणालो, "मेल उघडा असताना कॉम्प्युटर एकदम बंद केला की ही फाइल बिघडते. असा बंद तरी कोण करतं?"

"मीच," फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या. "डॉक्टरसाहेबांनी सांगतलं, जाताना सारं बंद करत जा. मेन बटनच बंद करायचं. एक दिवस चुकली नाही मी."

"मग आधी काहून नाही सांगितलं?"

"मले कोणी इचारलंच नाही."

खरंच होतं. तिन्ही वेळा मावशी तिथेच होत्या. मी त्यांच्याशी एकच वाक्य बोललो होतो, "मावशी, वायरीले पाणी नका लागू देऊ."

तुमच्याकडे पुन्हा पुन्हा काय बिघडतं? आणि कोणाला विचारायचं राहिलंय?