काटा अर्ध्यावर होता

ओपल आणि वेंडेलचं घर म्हणजे एक जुनी, लांबलचक गाडी. झोपायचं, रांधायचं, सगळं तिच्यातच. हिवाळा ॲरिझोनाच्या वाळवंटात, उन्हाळा उत्तरेकडे. वेंडेलची नजर मंदावल्यापासून चाक ओपलच्या हातात होतं.

मागच्या आठवड्यात भर हमरस्त्यावर पेट्रोल संपलं. काटा तर अर्ध्यावर होता, ओपल शपथेवर सांगत होती. पण उत्तरेला मोंटानात राहणारा मुलगा, ग्लेन, फोनवर हळूच म्हणाला, "आई, तू बघायलाच विसरली असशील. आता विकून टाका ना ती गाडी." तेव्हापासून तिला स्वतःचाच भरवसा वाटेना.

आज कॉफी पिताना तिला एकदम गाडीतला जनरेटर आठवला. तो गाडीच्याच टाकीतून पेट्रोल ओढायचा. त्याची नळी टाकीच्या तळापर्यंत जात नाही, हे अशा गाड्यांतून राहणाऱ्या सगळ्यांनाच ठाऊक. पाव टाकी उरली की तो बंद पडतो, म्हणजे सकाळी पंपापर्यंत जाण्याएवढं पेट्रोल शिल्लक राहतं.

"जनरेटर लाव," ती म्हणाली.

"आत्ता? कशाला?"

"बीन्स शिजव, केस वाळव, काहीही कर. पेट्रोल जळू दे."

"केस?" वेंडेलने टोपी काढून टक्कल दाखवलं. "कुठले वाळवू?"

उन्हं कलली आणि जनरेटर खोकून गप्प झाला. ओपलने किल्ली फिरवली. वेंडेलने काट्याच्या काचेला जवळजवळ नाकच टेकवलं.

"तूच सांग, काय दिसतंय?" ओपलने विचारलं.

"अर्धी टाकी. लबाड कुठला!"

ओपलने कॅनमधलं थोडं पेट्रोल टाकीत ओतलं. जनरेटर लगेच सुरू झाला. म्हणजे तो पेट्रोलअभावीच थांबला होता; काटा खोटा, यात शंकाच उरली नाही. सगळं बंद करून ती चटईवर आडवी झाली आणि गाडीखाली सरकली. काट्याला टाकीचं माप कळायला लागणारी अर्थिंगची वायर सांगाड्याला जिथे आवळली होती, तिथे गंजाचा पापुद्रा धरला होता. तिने बोल्ट सोडवला, पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत होईपर्यंत घासलं, आणि बोल्ट पुन्हा आवळला.

"फिरव किल्ली!"

वरून वेंडेल ओरडला, "उतरला गं! पावापाशी आला!"

ओपल तशीच पडून राहिली. चटईखालची वाळू अजून कोमट होती.

"बाहेर येतेस की मुक्काम तिथेच?"

"येते. तोवर ग्लेनला फोन लाव."

"काय सांगू?"

"सांग, वसंतात आम्ही मोंटानाला येतोय. आणि गाडी मी चालवणार आहे."