राडेक आणि अर्धी काळी बिअर

राडेकच्या उजव्या हाताच्या बोटांवर फोड आले होते आणि ते कशाने आले हे त्याला सांगता येत नव्हतं. त्याच्या आईच्या, ब्लाझेनाच्या, मनातून ही गोष्ट काही केल्या जाईना. रविवारी ती सूप घेऊन त्याच्याकडे गेली तेव्हा तिला ते दिसले. चुलीवरच्या भांड्याचं तापलेलं झाकण त्याने नुसत्या हाताने उचललं असणार. अशा वेळी माणूस ओरडतो, हात झटकतो, नळाखाली धरतो. याने झाकण बाजूला ठेवलं असेल आणि बटाटे शिजलेत का ते बघितलं असेल.

"अरे, दुखत नाही का?"

"बघितलं की दुखतं थोडं," तो म्हणाला आणि सूप पिऊ लागला.

राडेक सहा वर्षांचा होता तेव्हा ब्लाझेना आणि तिचा नवरा त्याला घेऊन चेक मुलखातून बाहेर पडले. ऑस्ट्रियातल्या निर्वासितांच्या छावणीत एक हिवाळा काढला आणि मग ते इथे आयोवात, सीडर रॅपिड्सला आले. इथे आपली माणसं आधीपासून होती, आपली बेकरी होती. पोरगा गर्दीत रमणारा नव्हता. शाळा संपल्यावर ओट्सच्या गिरणीत यंत्रं दुरुस्त करायला लागला, तो अजून तिथेच आहे. यंत्र नीट चाललं की कोणाला आपली आठवण होत नाही, हेच त्याला त्या कामातलं आवडतं.

मार्सेला तिकडून इथे आली ती एका दातांच्या डॉक्टरची जुळी मुलं सांभाळायला. मे महिन्यातल्या अळंब्यांच्या जत्रेत राडेक तिच्याशी दोन वाक्यं बोलला आणि ती खो खो हसत सुटली. "तू माझ्या आजोबांसारखा का बोलतोस?" राडेकची भाषा आईबापांनी गाव सोडलं तेव्हाची, तिथेच थांबलेली. मार्सेलाने ती हसून हसून सुधारली आणि पुढे लग्नही केलं. दर उन्हाळ्यात दोघं तिकडे हुम्पोलेत्सजवळच्या तिच्या गावी जायची. तिची आई यार्मिला, ब्लाझेनाची विहीण, तिथे बिअरचा गुत्ता चालवते. तिच्याकडे पोलोत्मावे मिळते, म्हणजे अर्धी काळी बिअर. उजेडात धरली तर काकवीसारखी तांबूस दिसते. अमेरिकेत पिवळी पोचते, काळी पोचते, ही मधली कोणी आणत नाही.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, दुकानात रांगेत उभी असताना, मार्सेलाच्या डोक्यातली शीर फुटली. राडेक रडला नाही. आठवडाभर घरी बसला आणि पुन्हा गिरणीत जायला लागला. तिच्या अस्थींचा कलश त्याच्या कोठीच्या खोलीत, काकडीच्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी आहे. त्यात आमच्यात कोणाला वावगं वाटत नाही. पण यार्मिलाला तो घरच्या थडग्यात हवा होता, नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी सगळे दिवे लावायला जातात त्याच्या आधी. राडेक तिचे फोन उचलत नसे. मग ती ब्लाझेनाला निरोप पाठवायची. ब्लाझेना उलट लिहायची, "सध्या गिरणीत फार काम आहे, विहीणबाई." गिरणीत काहीही काम नव्हतं. पोरगा तिकडे गेला आणि तिकडचाच झाला तर नवऱ्यामागे आपलं कोण, ही भीती होती.

राडेक आपल्या मनाने एकच गोष्ट करायचा. शनिवारी गाडी काढायचा आणि जिथे कोणी लहानसा कारखाना चेक पद्धतीची बिअर बनवतो असं कळेल तिथे जायचा. बेकरीतल्या व्लास्ताने ब्लाझेनाला ऐकवलंच.

"बायको गेली की बाप्ये एक तर दुसरी आणतात, नाही तर पीत बसतात. तुझा निदान लांब जाऊन पितो. गावाची अब्रू राखतो बिचारा."

फोड बघितल्यावर ब्लाझेनाने ठरवलं, आपणही गाडीत बसायचं.

पहिल्या शनिवारी ती दोघं दे मॉइनला गेली. तिथल्या बिअरखान्यातल्या पोरीने ग्लास काठोकाठ भरून आणला, फेसाचं नाव नाही. राडेकने तो संपवला, टेबलाच्या कडेला सरकवला आणि बसून राहिला. ब्लाझेनाही बसली. आमच्याकडे दुसरा ग्लास मागायचा नसतो. पहिला रिकामा झाला की तो आपोआप येतो, आणि नको असेल तर ग्लासाखालची पुठ्ठ्याची चकती उचलून ग्लासावर ठेवायची. इतकी वर्षं इथे काढूनही मायलेकरं दोघंही वाट बघत बसली. शेवटी ती पोरगी बिल घेऊन आली.

"अजून काही नको ना?"

"नको," राडेक म्हणाला.

गाडीत ब्लाझेनाने विचारलं, "तुला अजून हवी होती का रे?"

"माहीत नाही. आली असती तर प्यायलो असतो."

"कशी होती?"

"पाणी."

"इतकी वाईट?"

"वाईट नाही, आई. सगळंच पाणी लागतं. सूपसुद्धा."

"माझं सूप?"

"तुझंसुद्धा."

"मग एवढी वणवण कशासाठी करतोस?"

"ती एकदा सापडली की कळेल. तीही पाणीच लागते का ते."

त्या दिवसापासून ब्लाझेनाला वाटायला लागलं की ती बिअर सापडूच नये. शोधत होता तोवर तो शनिवारी उठून दाढी तरी करत होता.

पुढच्याच शनिवारी ती सापडली. मिनेसोटातल्या एका छोट्या गावात, धान्याच्या जुन्या गोदामात. बनवणारी कॅरी नावाची उंच बाई होती. तिकडे बोहेमियात जाऊन हे काम शिकून आली होती. तिने आधी फेस सोडला, मग त्याच्याखालून बिअर भरली, आणि ग्लास ठेवून कागदाच्या चिठोऱ्यावर पेन्सिलीने रेघ मारली, तिकडे मारतात तशी, एका ग्लासाची एक. राडेकने ग्लास उजेडात धरला. ब्लाझेनाचं देवाशी फारसं कधी जमलं नाही, पण काही चांगलं घडावं म्हणून आमच्याकडे धरतात तसे तिने टेबलाखाली दोन्ही अंगठे मुठीत घट्ट धरले.

तो प्यायला.

"हीच," तो म्हणाला.

"नक्की?"

"रंग, फेस, सगळं. हीच आहे."

"आणि चव?"

त्याने मान हलवली. "पाणी."

दुःख झाल्यासारखं नाही, यंत्राचा बिघडलेला भाग सापडल्यासारखं तो बोलला. ब्लाझेनाने अंगठे सोडले. तेवढ्यात ग्लास रिकामा झाला आणि कॅरीने न विचारता दुसरा आणला. मग तिसरा. राडेक काम उरकावं तसा पीत होता. कॅरी चौथा घेऊन निघालेली दिसली तशी ब्लाझेनाने चकती उचलली आणि त्याच्या रिकाम्या ग्लासावर ठेवली.

राडेकने तिच्याकडे बघितलं. "आई, ती ज्याची त्याने ठेवायची असते."

"मग ठेव ना तू!"

कॅरी मधेच थांबली आणि शहाणपणाने मागे फिरली.

"मार्सेला ठेवायची," राडेक म्हणाला.

अंत्यविधीनंतर हे नाव त्याच्या तोंडून आलं नव्हतं.

"ती ठेवायची आणि यार्मिला गल्ल्यावरून ओरडायची. 'अगं भवाने, माझ्या जावयाला तहानेने मारतेस का? माझ्याच घरात माझा धंदा बुडवतेस?' ही म्हणायची, 'तुझा जावई उद्या मलाच उचलावा लागेल.' माझ्या डोक्यावरून भांडायच्या दोघी."

"आणि तू?"

"जी जिंकेल तिचं ऐकायचो."

आवाज तसाच होता, हवामानाच्या बातम्या वाचणाऱ्याचा. पण यार्मिलाचं वाक्य त्याने यार्मिलाच्या हेलात म्हटलं होतं. त्याने ग्लासावरच्या चकतीची कड बोटाने दाबली.

"आता तिला भांडायला कोणी नसेल," तो म्हणाला. "गुत्त्यात गिऱ्हाइकं असतील, पण त्यांच्याशी कसं भांडणार?"

चकती त्याने होती तिथेच राहू दिली.

परतताना गाडी ब्लाझेनाने चालवली. मक्याची कापलेली शेतं दोन्ही बाजूंनी सरकत होती.

"आई, मागचा ट्रॅक्टर हॉर्न देतोय."

"देऊ दे. त्याला घाई असेल तर त्याने उडून जावं."

राडेकच्या घरी पोचल्यावर तो बुटांसकट कोचावर आडवा झाला. ब्लाझेनाने त्याचे बूट काढले, पांघरूण घातलं आणि ती स्वयंपाकघरात येऊन बसली. ओट्स भाजल्याचा गोडसर वास खिडकीतून येत होता. चौदा महिने ती त्याच्यासाठी सूप करत होती, आणि तो बोलला ते यार्मिलाबद्दल. याचं तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही हेही कळलं. मार्सेलाबद्दल त्याच्याशी भांडू शकेल असं जगात एकच माणूस उरलं होतं. ते आणि हा यांच्या मधे आपणच 'फार काम आहे' हे वाक्य आणून ठेवलं होतं.

तो गेला तर परत येईल का, हे तिला माहीत नव्हतं.

तिकडे मध्यरात्र होऊन गेली असेल. पण शनिवार होता, यार्मिला जागी असणार, शेवटच्या गिऱ्हाइकाला हाकलून ग्लास विसळत असणार. ब्लाझेनाने निरोप लिहायला घेतला आणि पुसून टाकला. लिहिताना पुन्हा खोटं लिहिलं गेलं असतं. फोनच करायचा. राडेक येतोय, मार्सेलाला घेऊन येतोय, तिकीट मी काढते, एवढं सांगायचं. त्याला लवकर परत पाठवा, असं मात्र म्हणायचं नाही. हे तिने स्वतःला दोनदा बजावलं, कोठीच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं आणि नंबर लावला.